सही मुलाची, सेवा सुनेची

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले, की स्मृतिभ्रंशावर जगभर संशोधन चाललंय, पण त्यात आपल्यासारख्या घरांतली माणसं फार थोडी असतात, तेव्हा कोणी विचारायला दारात आलं तर निदान ऐकून घ्या. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी वर्षभर पथ्यपाण्यावर लिहूनही आली नव्हती. निम्मी रागाची आहेत. एका आजोबांनी पोस्टकार्डावर लाल शाईने लिहिलंय, "तुमचं काय जातंय सांगायला?" आजोबा, थोडंफार गेलंय, ते शेवटच्या उत्तरात सांगते.

नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात एकतीस वर्षं समाजसेविका होते, त्यातली शेवटची बरीचशी मेंदूविकार विभागाशी बांधलेली. डॉक्टर अभ्यास आखायचे; त्यासाठी घरं शोधायची, माणसं तयार करायची, हे आमच्या गळ्यात यायचं.

प्रश्न : ताई, आम्ही लालबागला चाळीत राहतो. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपासून विसरतात, एकच भात दोनदा लावतात, रात्री "मला घरी जायचंय" म्हणून कडी काढतात. रुग्णालयात दाखवलं, स्मृतिभ्रंश सांगितला. मग तिथून दोन मुली घरी आल्या. अभ्यास आहे म्हणाल्या. दीड वर्षात चार वेळा यावं लागेल, रक्त घेणार, आणि बरोबर 'माहिती देणारी व्यक्ती' लागेल. सगळे प्रश्न ह्यांना विचारले. हे म्हणाले, "आईला तसं काही नाही हो, वय झालंय." सही ह्यांची मागतायत, न्यायचं मला आहे. शेजारचे म्हणतात, प्रयोग करतील, रक्त विकतील. काय करू?
— एक सून, लालबाग

उत्तर : 'सही ह्यांची मागतायत, न्यायचं मला आहे.' हे वाक्य मी दोनदा वाचलं. आमच्या विभागात आम्ही आपसांत म्हणायचो, सही मुलाची, सेवा सुनेची. तुम्ही तेच लिहिलंत.

आधी शेजाऱ्यांचं बघू. अभ्यास ढोबळमानाने दोन जातींचे असतात. एकात नुसतं बघतात. प्रश्न विचारतात, आठवणीच्या चाचण्या घेतात, रक्त घेतात, कधी मेंदूचा एमआरआय काढतात. दुसऱ्यात औषध देऊन बघतात. तेव्हा त्या मुलींना पहिला प्रश्न हाच टाका, "यात औषध आहे का?" चार फेऱ्या आणि रक्त यावरून मला हा पहिल्या जातीचा वाटतो, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, अभ्यासाची माहिती आणि संमतीची सही ज्यावर असते तो कागद बघा. औषधाची चाचणी असेल तर नियम बरेच कडक आहेत. २०१९च्या नियमांनुसार चाचणीमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट द्यावे लागतात. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते. ही नोंदवही २००७ला सुरू झाली आणि २००९पासून औषधांच्या चाचण्यांना ती सक्तीची झाली. नोंदणी क्रमांक मागा. चाळीत कॉलेजात जाणारं कोणी ना कोणी असतंच, ते मोबाइलवर काढून देईल. आणि अभ्यास कुठल्याही जातीचा असो, त्याला नैतिकता समितीची, म्हणजे अभ्यासातल्या माणसांचं हित जपलं जातंय ना ते बघणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. त्या समितीशी संपर्क कसा करायचा ते तुमच्या हातातल्या कागदावर छापलेलं असलं पाहिजे.

कागद मराठीत हवा. तो दोन दिवस घरात राहू द्या, रात्री भांडी झाल्यावर सावकाश वाचा. जी मुलगी "आत्ताच सही करा" म्हणेल तिला चहा द्या, सही देऊ नका.

रक्त विकतात, हे मी काळाचौकीपासून गोवंडीपर्यंत ऐकलंय. विकताना कधी पाहिलं नाही. पण त्या भीतीच्या पोटात एक रास्त प्रश्न आहे, तो चांगल्या शब्दांत विचारा. रक्त कुठल्या प्रयोगशाळेत जाणार, किती वर्षं ठेवणार, नाव लिहून की आकडा घालून, आणि उद्या आम्ही नको म्हटलं तर काय? नको कधीही म्हणता येतं, कारण द्यावं लागत नाही, आणि त्यामुळे सासूबाईंच्या नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये.

सासूबाईंना कोणी विचारलं का? पत्रात ते आलेलं नाही. आजार आहे म्हणून त्यांचं मत संपत नाही. त्यांना समजेल अशा शब्दांत सांगायचं असतं, आणि त्या दिवशी त्यांनी हात मागे घेतला तर सुईही मागे जाते, मुलाची सही असली तरीही. मुलाची सही लागते ती जवळचा नातलग म्हणून, कायद्याच्या भाषेत त्यांच्या वतीने. माहिती मुलानेच द्यावी असं कुठेच लिहिलेलं नाही. 'माहिती देणारी व्यक्ती' तुम्ही आहात. कडी कोण लावतं, भात कोण फेकतं, हे ज्याला ठाऊक आहे ती व्यक्ती. परदेशातल्या अभ्यासांत ही जागा बहुतेकदा नवरा किंवा बायको भरते. म्हातारा गाडी चालवत म्हातारीला घेऊन येतो, दोघांनाही वेळच वेळ. तोच साचा इथे आणतात, आणि मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून, बसमध्ये सासूचा हात धरून उभी राहणारी सून कोणाच्या हिशेबातच नसते. टॅक्सीचं भाडं मागा. बुडालेल्या रोजाचे पैसेही देता येतात, मागायला लाजू नका.

आणखी एक. काळजी घेणाऱ्यावर किती भार आहे ते मोजायची बावीस प्रश्नांची एक प्रश्नावली असते, झॅरिटची म्हणतात. ती तुम्हाला विचारतील. करी रोडला दहा बाय बाराच्या खोलीत मी एका सुनेला ती विचारली होती. मुलगा टीव्हीसमोर, सासू खाटेवर, सून ओट्याशी पोळ्या लाटतेय. "स्वतःसाठी वेळ मिळत नाही असं वाटतं का?" "कधीच नाही." "राग येतो का?" "कधीच नाही." बावीस वेळा कधीच नाही. बेरीज शून्य. मी मनात म्हटलं, धन्य आहे बाई. निघाले तर ती सोडायला जिन्यापर्यंत आली, वळणावर कठडा धरून थांबली आणि म्हणाली, "ताई, दोन वर्षांत मी केस वाळवले नाहीत. ओलेच बांधते." मी तिथेच पायरीवर बसले, नवा कागद काढला आणि पहिल्यापासून विचारलं. बेरीज एक्केचाळीस आली. तेव्हा मुलींना सांगा, माझे प्रश्न मला एकटीला विचारा, गच्चीत विचारा, देवळाच्या पायरीवर विचारा, घरात नको.

यजमानांशी वाद घालू नका. एका रविवारी दुपारी चारला माहेरी जा आणि रात्री जेवण आटपून या. सोमवारी "आईला तसं काही नाही" हे वाक्य ते कसं म्हणतात ते मला कळवा.

प्रश्न : वडिलांना एका खासगी ठिकाणी स्मृतिभ्रंशाच्या 'अभ्यासात घेतो' म्हणाले, पण त्यासाठीच्या एमआरआयचे सहा हजार आम्ही भरायचे. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. जी तपासणी केवळ संशोधनासाठी आहे तिचा खर्च सहभागी होणाऱ्याने करायचा नसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे. सहा हजार खिशात ठेवा आणि त्यातून वडिलांचे कान आणि डोळे तपासून घ्या. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता किंवा सुधारता येण्याजोग्या चौदा गोष्टी मांडल्या, त्यात ऐकू न येणं आणि उपचार न केलेली अधू नजर दोन्ही आहेत.

प्रश्न : माझी धाकटी बहीण १९७६पासून इंग्लंडात, लेस्टरला आहे. मेहुण्यांना तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश. तिकडच्या दवाखान्यातून फोन आला, की अल्पसंख्याक समाजांतले रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे अभ्यासासाठी हवे आहेत. बहीण भडकली. म्हणाली, "पन्नास वर्षं कर भरतेय, तेव्हा नाही आठवलो, आणि आता उंदीर म्हणून आठवलो?" मेहुणे हल्ली इंग्रजी बोलतच नाहीत, नुसतं मराठी, तेही सांगलीचं. माहितीपत्रक मात्र गुजराती, पंजाबी आणि उर्दूत आलंय. भाचा म्हणतो, मी दुभाषी होतो. तिला काय सल्ला देऊ?
— एक निवृत्त बँक अधिकारी, मुलुंड

उत्तर : बहिणीचा राग बरोबर आहे, आणि तरी तिने जावं असं मला वाटतं. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

आपण इथे बसून 'अल्पसंख्याक' हा शब्द दुसऱ्यांसाठी वापरतो. विमान उतरलं की तो आपल्याला लागतो, आणि झोंबतो. पण त्या फोनमागचा हिशेब समजून घ्या. आनुवंशिक घटकांचं आजवरचं बहुतेक संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झालंय. अमेरिकेत कृष्णवर्णीय वृद्धांमध्ये या आजाराचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या वृद्धांमध्ये सुमारे दीडपट आहे, पण औषधांच्या चाचण्यांत हेच लोक कमी. म्हणजे पाऊस एका गावात आणि पर्जन्यमापक दुसऱ्या गावात. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या नकाराला इतिहासही आहे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं टस्कीगीमध्ये गरमीचा आजार (सिफिलिस) असलेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी खात्याने नुसतं 'बघत' ठेवलं, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. असं काही घडलेला समाज दारावरच्या प्रत्येक कागदाकडे डोळे बारीक करून बघणारच. तुमच्या बहिणीने 'उंदीर' शब्द वापरला तेव्हा तिला टस्कीगी ठाऊक असेल-नसेल, भीती तीच आहे.

आपल्याकडेही हा हिशेब जुना आहे. १९९८मध्ये कोचीला काही संशोधक जमले आणि त्यांनी आपल्या गटाचं नावच '१०/६६' ठेवलं. स्मृतिभ्रंश असलेले ६६ टक्के लोक विकसनशील देशांत, आणि लोकसंख्येवर आधारलेल्या संशोधनातला १० टक्केसुद्धा वाटा त्यांच्या वाट्याला नाही. तुमचे मेहुणे गंमतीच्या जागी उभे आहेत. सांगलीत असते तर त्या ६६त, लेस्टरमध्ये 'अल्पसंख्याक'. मोजणीत ते दोन्हीकडून निसटतात.

आता चाचण्यांचं. आठवणीची प्रत्येक चाचणी कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून आलेली असते. ऑस्ट्रेलियात, वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांना चालावी म्हणून मुद्दाम तयार केलेली रूडास नावाची चाचणी आहे. त्यात दुकानातून आणायच्या चार वस्तू लक्षात ठेवायच्या असतात : चहा, तेल, अंडी, साबण. किती साधं! गिरगावात एका आजींना मी विचारलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "चहा, तेल, साबण." चौथं? गप्प. "आजी, चौथं आठवत नाही का?" आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आठवतंय की. पण चातुर्मासात मी ते तोंडाने म्हणणार नाही." आता द्या गुण! मी चारपैकी चार दिले. डॉक्टरांनी तीन केले. आमचं भांडण आठवडाभर चाललं. (जिंकले मी.)

म्हणून सांगते, भाच्याला दुभाषी करू नका. मुलगा चांगला असेल, पण वडिलांची फजिती त्याला बघवत नाही. ते अडखळले की तो वाक्य पुरं करतो, आणि चाचणी वडिलांची न होता मुलाची होते. मागून शिकलेली भाषा आधी निसटते आणि आईची भाषा मागे राहते, हे अशा आजारात पुष्कळदा दिसतं. मेहुण्यांची चाचणी मराठीतच व्हायला हवी, मराठी बोलणाऱ्या परक्या दुभाष्याकडून. तिने अट म्हणून हे सांगावं. पत्रक मराठीत का नाही, हेही विचारावं. मागणारा एक तरी निघाल्याशिवाय कोणी छापत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे. मी त्या संशोधकांच्या जागी असते तर दवाखान्यातून फोन लावत बसले नसते, संक्रांतीचं हळदीकुंकू कुठे आहे ते शोधलं असतं.

एक तांत्रिक गोष्ट. तिकडे २०१५पासून 'जॉइन डिमेन्शिया रिसर्च' नावाची नोंदणी चालते. अठरा वर्षांवरच्या कोणालाही, आजार असो वा नसो, नाव घालता येतं. नाव घातलं म्हणजे अभ्यासाला होकार झाला असं नाही. जुळणारा अभ्यास आला की विचारतात, तेव्हा पुन्हा हो किंवा नाही म्हणायचं. मेहुण्यांना स्वतः ठरवणं जमत नसेल तर इंग्लंडात २००५च्या मानसिक क्षमता कायद्याप्रमाणे जवळच्या माणसाचा सल्ला घेतात. "तुम्हाला काय वाटतं?" असं तिला कोणी विचारणार नाही. प्रश्न असा असेल, "ते शुद्धीवर असते तर त्यांना हे आवडलं असतं का?" याचं उत्तर पन्नास वर्षांच्या संसारानंतर तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! त्यांना आवडलं नसतं असं वाटलं तर तिने सरळ नाही म्हणावं आणि पुन्हा त्याचा विचार करू नये.

प्रश्न : मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. स्मृतिभ्रंश असलेल्यांची घरी काळजी घेणाऱ्या लोकांवर माझा अभ्यास आहे. त्यासाठी मी मुंबईतल्या एका कोळीवाड्यात दोन महिने फिरतेय. चाळीस घरं झाली, होकार फक्त तीन. माझे मार्गदर्शक म्हणतात, "हा समाज संशोधनाला सहकार्य करत नाही, असं लिहून मोकळी हो." मी काय लिहू?
— एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर : ते वाक्य लिहू नकोस. (तुला 'अगं' म्हणते, माझ्या नातीएवढी असशील.)

चाळीसातल्या सदतीस घरांनी तुला नाही म्हटलं, असं तुला वाटतंय. माझा अंदाज आहे, त्यातल्या काहींनी मला म्हटलंय. कोळीवाडा कुठला ते तू लिहिलं नाहीस, मीही माझा सांगत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका कोळीवाड्यात अभ्यास केला. साठ घरं. कोणी नाही म्हटलं नाही. मी ओट्यावर बसायचे, कोणी सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी पुढे करायचं, म्हाताऱ्या हात पुढे करायच्या, आमच्या विभागातला मुलगा रक्त घ्यायचा. आणि प्रत्येक घरी मी माझ्या तोंडाने सांगितलं, "निकाल घेऊन मीच येईन." मार्चमध्ये अभ्यासाचे पैसे संपले. डॉक्टर परदेशी गेले. नळ्या कुठल्याशा फ्रीजमध्ये राहिल्या, आणि मला दुसऱ्या विभागात टाकलं. मी गेले नाही. एखाद्या रविवारी जाऊन "निकाल यायचा नाही" एवढं सांगता आलं असतं. तेही केलं नाही.

आठ वर्षांनी दुसऱ्या अभ्यासासाठी त्याच गल्लीत गेले. पहिल्याच दारात एक बाई कोळंबी सोलत होती. तिने मान वर केली, मला ओळखलं आणि सोलणं न थांबवता विचारलं, "तवा आईचं रगत नेलंत. काय निघालं त्यात?" आई जाऊन तीन वर्षं झाली होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे मला तिच्या आईचं नावच आठवेना. विसरण्यावरचा अभ्यास घेऊन आलेली बाई मी! संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्याला कळलं होतं. त्या खेपेला मला एक होकार मिळाला. तुला तीन मिळालेत.

तेव्हा पहिलं काम. त्या वस्तीत तुझ्याआधी कोण कोण कागद घेऊन येऊन गेलं ते विचार. विचारताना वही उघडू नकोस.

मी पुढे काय केलं ते सांगते, त्यातलं जे जमेल ते घे. एक अख्खा पावसाळा मी फॉर्मशिवाय गेले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, पुरुष जाळी विणत बसतात आणि बायकांनाही त्यातल्या त्यात उसंत असते. रक्तदाब मोजायचं यंत्र तेवढं बरोबर न्यायचे. ज्याचा वाढलेला निघेल त्याला चिठ्ठी देऊन पाठवायचं आणि पुढच्या आठवड्यात "गेला होतास का?" म्हणून विचारायचं. एवढंच. चौथ्या की पाचव्या खेपेला एका म्हातारीने मला बोलावून समोर बसवलं. "सगळ्यांना विचारतेस, आज तारीख काय, वार काय. तू सांग, आज भांग का उधाण?" मी ठोकून दिलं, "उधाण." ओट्यावरच्या सगळ्या हसायला लागल्या. अष्टमी होती. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, हे तिथल्या सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक. म्हातारी म्हणाली, "हिलाच तपासा आधी." त्या दिवसापासून मला वाड्यात चहा विचारला जाऊ लागला.

वार सांभाळ. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळीला गिऱ्हाईक असतं, त्या दिवशी कोळणीच्या दारात उभं राहणं म्हणजे तिचं नुकसान. सोमवार, गुरुवार, शनिवार बाजार मंदा, तेव्हा जा, तेही दुपारी तीननंतर. पहाटे धक्क्यावर गेलेली बाई दुपारी पाठ टेकते. पाटलांना आणि मच्छीमार सोसायटीला आधी भेट, ते रीतीला धरून आहे. पण त्यांच्या होकाराला बायकांचा होकार समजू नकोस. मी समजले होते, फसले.

आजाराचं नाव दारात घेऊ नकोस. कोणी म्हणेल साठी बुद्धी नाठी, कोणी म्हणेल बाहेरचं आहे, कोणी 'वेड' या शब्दाला घाबरून गप्प बसेल, कारण घरात लग्नाची पोरगी आहे. कोणाशी वाद नको. "म्हातारी रात्री उठते का? वाट चुकते का? तेच तेच विचारते का?" एवढं विचार, पुढचं ते सांगतील. "आम्हाला काय मिळणार?" असं विचारलं तर खरं सांग. तुझ्या अभ्यासातून त्यांच्या आईला कदाचित काहीच मिळणार नाही. हे ऐकून लोक उठून जातात असं आम्हाला शिकवलं होतं. माझ्यासमोरून कोणी उठलं नाही.

मार्गदर्शकांशी बोलताना आकडे लागतील, ते घे. २००१मध्ये मुंबईतल्या एका पाहणीचे निष्कर्ष आले, चाळिशीपुढच्या २४,४८८ जणांची. त्यात पासष्टीपुढच्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण २.४४ टक्के निघालं. २०२३मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासात, लासी-डॅड म्हणतात त्याला, साठीपुढच्या ४,०९६ जणांवरून ७.४ टक्के हा अंदाज निघाला, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख लोक. पद्धत वेगळी, वय वेगळं, गावं वेगळी, तेव्हा दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवून लगेच अर्थ काढू नकोस. पण दुसऱ्या अभ्यासात लिहिता-वाचता न येणाऱ्यांना चालतील अशा चाचण्या होत्या आणि घरच्या माणसाचीही वेगळी मुलाखत होती. प्रमाण बायकांत जास्त निघालं, खेड्यांत जास्त निघालं. कोणाला विचारलं आणि कसं विचारलं यावर आकडा हलतो, हे तुझ्या मार्गदर्शकांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, फक्त आठवण करून दे. 'सहकार्य करत नाही' हा शेरा मारून कोळीवाडा गाळला, तर मागे उरतात ती रुग्णालयाच्या बाकावर स्वतःहून येऊन बसणारी माणसं. त्यांच्यावर अभ्यास झालेत, होतच असतात.

तुझा फॉर्म तू पत्राबरोबर पाठवलास ते बरं केलंस. भाषा सरकारी आहे, पण तो दोष तुझा एकटीचा नाही. पहिल्याच रकान्यात 'काळजीवाहू व्यक्तीचे नाव' असं आहे. तोच शब्द आमच्याही फॉर्मात होता. एका मावशीने मला विचारलं, "काळजीवाहू? ते सरकार असतं ना, निवडणुकीआधी?" मी तो शब्द तिथेच खोडला आणि वर पेनाने लिहिलं, 'आईचं सगळं कोण करतं?' तो प्रश्न मोठ्याने वाचला आणि घरात जरा शांतता झाली. मावशी बाजार करायची, तिचा नवरा होडीवर, मोठी मुलगी कामाला. कोपऱ्यात दप्तर घेऊन बसलेल्या नववीतल्या नातवाने हात वर केला, वर्गात करतात तसा. म्हणाला, "मी. शाळेच्या आधी आणि आल्यावर." आंघोळ तो घालायचा, भरवायचाही तोच, आणि आजी निघून जाऊ नये म्हणून रात्री तिच्या लुगड्याचा पदर मनगटाला बांधून झोपायचा.

आमच्या फॉर्मात वयाचा रकाना अठरापासून सुरू होत होता. तुझ्यात कुठून होतो ते बघ.